पहिली बाग तणाची: नव्या फिशटँकसाठी भराभर वाढणारी पाणझाडं

शाळेच्या प्रयोगशाळेतला तो प्रयोग आठवत असेल. काचेच्या चंचुपात्रात हिरव्या काड्या, त्यांच्यावर उपडं घातलेलं नरसाळं, नरसाळ्याच्या दांड्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. सगळं उन्हात नेऊन ठेवलं की नळीत बुडबुडे चढायला लागायचे आणि बाई म्हणायच्या, हा बघा ऑक्सिजन. त्या काड्या हायड्रिलाच्या.

मी पहिली टाकी लावली तेव्हा मात्र दुकानात हायड्रिलाकडे ढुंकून पाहिलं नाही. गावच्या तळ्यात पायाला गुंडाळणारं झाड पैसे देऊन कोण घेतं? मी लालभडक पानांची रोटाला घेतली आणि शोभेला दोन लकी बांबू. तीन आठवड्यांत रोटालाचा चोथा झाला, बांबूच्या पानांना कुजकट वास सुटला, काचेवर हिरवट साय धरली. वाचल्या त्या फक्त दोन काड्या. दुकानदाराने गप्पींच्या पिशवीत अशाच टाकून दिलेल्या, मी तशाच तरंगत सोडून दिलेल्या. त्या महिन्याभरात हातभर झाल्या होत्या. त्या हायड्रिलाच्या होत्या हे वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून नवीन माणसाला माझं एकच सांगणं असतं: पहिली बाग तणाची करा. शेतात ज्या गुणासाठी आपण झाडाला शिव्या घालतो, तोच गुण नव्या टाकीत हवा असतो.

वेग का हवा

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेलं पान या सगळ्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि नवशिक्यांचे बहुतेक मासे याच काळात जातात. भराभर वाढणारं झाड या मधल्या काळात अमोनिया थेट खातं, कारण त्याला नवीन पान काढायला नायट्रोजन लागतच असतो.

दुसरं म्हणजे शेवाळ. शेवाळ आणि झाडं एकाच पंगतीला बसलेली असतात. झाड भराभर जेवलं तर शेवाळाच्या पानात काही पडत नाही. झाड हळूखाऊ असेल तर शेवाळ त्याच्याच पानावर बसून जेवतं. म्हणूनच 'न मरणारं झाड' म्हणून नवशिक्याला हमखास गळ्यात मारलं जाणारं अनुबियास मी पहिल्या दिवशी घेऊ नका म्हणतो. झाड चिवट आहे, प्रश्नच नाही, पण एकेक पान काढायला ते आठवडे घेतं. जावा फर्नचंही तसंच. ही दोन्ही सहा महिन्यांनी आणा.

आधी पाणी ओळखा, मग झाड

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग 'माझा हातच चांगला नाही' म्हणतात. हाताचा काही संबंध नाही.

डोंबिवलीत माझ्या टाकीत कबोंबा छान फुलायचा. पिसाऱ्यासारखी नाजूक पानं, दिसायला फार देखणा. मी त्यातली अर्धी जुडी सोलापूरच्या मावसभावाला दिली, सोबत थोडं व्हॅलिस्नेरिया. त्याच्याकडे बोअरचं पाणी. पंधरा दिवसांत कबोंबाची पिसं झडून नुसत्या काड्या उरल्या, आणि माझ्याकडे रडतखडत जगणाऱ्या व्हॅलिस्नेरियाने त्याच्या टाकीत कुरण केलं.

कारण साधं आहे. झाडाला कार्बन लागतो. हवेत तो मुबलक, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मात्र थोडाच असतो. जड पाण्यात कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात भरपूर असतो, पण तो वापरायची युक्ती सगळ्या झाडांकडे नसते. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट यांच्याकडे ती आहे, कबोंबाकडे नाही. जगदीशचंद्र बोसांनी शंभर वर्षांपूर्वी प्रकाशसंश्लेषणाचे प्रयोग केले ते याच हायड्रिलावर, आणि आजही झाडं कार्बन कसा मिळवतात याचा अभ्यास करणारे लोक त्याच्याकडे वळतात. तळ्यातलं तण म्हणून हिणवू नका त्याला.

पाणी जड आहे की मऊ हे कळायला किट नसलं तरी चालतं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो का? साबणाला फेस येत नाही का? तुरीची डाळ शिजता शिजत नाही का? मग पाणी जड आहे. मुंबई परिसरात तानसा, वैतरणा, भातसा धरणांतून येणारं पाणी मऊ असतं, पुण्यात खडकवासल्याचंही. बोअर आणि टँकरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. जड असेल तर व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट. मऊ असेल तर विस्टेरिया, हायग्रोफिला, अंबुलिया, आणि हौस असेल तर कबोंबाही.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी 'शुद्ध' म्हणून टाकीत भरू नका. त्यात झाडाला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळजवळ उरलेलं नसतं. आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणीही नको, त्यात सगळे क्षार दाटून आलेले असतात. नळाचं पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटिक्लोरचे थेंब मिळतात.

कोणती झाडं

*हॉर्नवर्ट.* याला मुळंच नसतात. जमिनीत खोचायची गरज नाही, पाण्यात सोडून द्या, झालं. सुया-सुयांची पानं असतात, पिल्लांना लपायला उत्तम. याची वाईट सवय एकच: आणल्यावर पहिल्या आठवड्यात रुसतं आणि सुया गाळतं, त्या फिल्टरमध्ये जाऊन अडकतात. फिल्टरच्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधा.

*हायड्रिला.* प्रत्येक पेराभोवती चार ते आठ छोटी पानं, हाताला किंचित खरखरीत. एखाद-दोन वडापावांच्या पैशांत जुडी मिळते. तरंगत ठेवा किंवा रोवा, त्याला फरक पडत नाही. दर आठवड्याला कापावं लागतं.

*व्हॅलिस्नेरिया.* गवताच्या लांब पट्ट्या, टाकीच्या मागच्या भिंतीला शोभतात. आधी महिनाभर ढिम्म. मग वाळूखालून धावतं खोड सुटतं आणि दर दोन-तीन इंचांवर नवीन रोप उभं राहतं. पानं वर पोचून पाण्यावर लोळू लागली की कात्रीने वरून कापू नका, कापलेलं टोक तपकिरी पडतं. लांब पान मुळापासून काढा.

*वॉटर विस्टेरिया.* कुणी फक्त एकच झाड विचारलं, तर मऊ पाण्याच्या गावाला माझं उत्तर हेच. पानं हरणाच्या शिंगांसारखी कातरलेली, उजेड कमी पडला तर तीच पानं साधी, गोलसर येतात. एक तुटलेलं पान तरंगत सोडलं तरी त्याला मुळं फुटून नवं रोप होतं. हे मूळचं भारतीय उपखंडातलं. दुकानात नुसतं 'हायग्रो' म्हणून मिळणारं हायग्रोफिला पॉलिस्पर्माही इथलंच, आणि आजीच्या बटव्यातला तालीमखाना यांचाच भाऊबंद.

*अंबुलिया.* कबोंबाचा देखणेपणा हवा पण नखरे नको असतील तर हे घ्या. लांबून दोन्ही सारखी दिसतात. जवळून पाहिलं की कबोंबाची पानं समोरासमोर जोडीने येतात, अंबुलियाची पेराभोवती गोल. दुकानदारही गोंधळतात, तेव्हा आपणच बघून घ्यावं.

*वॉटर स्प्राइट.* नेच्याच्या जातीचं. तरंगतं ठेवलं तर पाण्याखाली मुळांची झालर सोडतं, त्यात गप्पींची पिल्लं वाचतात. जुन्या पानांच्या कडांवर छोटी पिल्लं धरतं, ती अलगद तोडून लावायची.

आणि एक झाड जे फिशटँकचं मानलंच जात नाही: *मनीप्लांट.* बाटलीतल्या मनीप्लांटची काडी टाकीच्या काठाला अडकवा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. पानांना हवेतला कार्बन मिळतो, त्यामुळे पाण्यातलं नायट्रेट ते ज्या वेगाने ओढतं तो वेग बुडलेल्या झाडाला जमत नाही. गोल्डफिशच्या टाकीला तर मी हे औषधासारखं सांगतो. मात्र पानं पाण्यात बुडवू नका, कुजतात.

टिकलीएवढ्या पानांचं डकवीड कुणी फुकट दिलं तरी नको म्हणा. वाढतं झपाट्याने, पण वरून चादर ओढतं आणि खालच्या झाडांचा उजेड खातं. एकदा आलं की फिल्टर, जाळी, हाताचे केस, सगळीकडे तेच.

दुकानात

दुकानातली अर्धी 'पाणझाडं' पाण्यातली नसतात. लकी बांबू, पांढऱ्या पट्ट्यांचं स्पायडर प्लांट, सिंगोनियम, जांभळ्या कडांचा ड्रॅसेना ही सगळी जमिनीवरची झाडं. बुडवून ठेवली तर काही आठवडे ताजी दिसतात, मग आतून कुजतात आणि तुम्ही टाळू पाहत होतात तोच अमोनिया सोडतात. ओळखायची सोपी खूण: झाड पाण्याबाहेर धरा. खऱ्या पाणझाडाची काडी बहुधा लुळी पडते, कारण उभं राहायला तिला आजवर पाण्याचा आधार होता. ताठ, मेणचट, जाड पान दिसलं की संशय घ्या. अनुबियाससारखे थोडे अपवाद आहेत, पण ते आपण आज घेत नाही आहोत.

पानांपेक्षा शेंडा बघा. खालची पानं फाटकी असली तरी चालतील, शेंडा हिरवा आणि घट्ट हवा. मेथी निवडताना बघतो तसं जुडीच्या बुंध्याशी नाक न्या. कुजका वास आला तर ठेवून द्या.

किती घ्यायची? नवशिके दोन जुड्या आणतात आणि 'वाढतील' म्हणून थांबतात. तेवढ्यात शेवाळ वाढतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं. तिला आठ-दहा जुड्या पहिल्याच दिवशी लागतात. निम्म्याहून जास्त तळ झाकला गेला पाहिजे. झाडं स्वस्तातली घ्यायची ती त्यासाठीच.

घरी आल्यावर

जुडीला रबरबँड किंवा शिशाची पट्टी असते, ती आधी काढा. आवळलेलं खोड तिथेच कुजतं. कुंडीत आलं असेल तर मुळांभोवतीची दगडी धाग्यांची लोकर (रॉकवूल) चिमट्याने सोडवा.

मग आंघोळ. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड विरघळवा आणि झाडं दोन-तीन तास बुडवून ठेवा. गोगलगायी आणि त्यांची बरीचशी अंडी यात जातात. नंतर साध्या पाण्यातून दोनदा खळबळून काढा. झाड दुकानातून न आणता तळ्यातून काढून आणलं असेल तर ही आंघोळ चुकवूच नका, जळवा आणि चतुराची अळी हमखास येते. चतुराची अळी एका रात्रीत गप्पींची पिल्लं फस्त करते, मग सकाळी आपण फिल्टरला दोष देत बसतो.

तळाला दोन ते तीन इंच वाळू. नदीची धुतलेली वाळू चालते. आधी चमचाभर वाळूवर लिंबू पिळा. फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती पाणी जड करत राहील. समुद्राची वाळू शंख-शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे बहुतेक वेळा फसफसतेच. कोकणातल्या मित्रांनो, किनाऱ्यावरून पिशवी भरून आणण्याचा मोह आवरा.

लावताना जुडी एकगठ्ठा खोचू नका. एकेक काडी सुटी करा, खालच्या दोन पेरांवरची पानं काढा, आणि चिमट्याने तिरकी धरून वाळूत दीड-दोन इंच घाला, दोन काड्यांत बोटभर अंतर ठेवून. भात लावल्यासारखं संथ काम आहे, तासभर धरून चाला. टाकीत पाणी वितभरच असेल तर हात बरा चालतो. व्हॅलिस्नेरियाचं मात्र वेगळं: मुळं आत, पण पानं जिथून फुटतात तो पांढरट गड्डा वाळूच्या वर. तो गाडला की झाड सडलंच.

पाणी भरताना तळाशी ताटली ठेवा आणि तिच्यावर ओता, नाहीतर तासाभराची लावणी तरंगत वर येईल.

उजेड

महागडा 'प्लांट लाइट' आत्ता नको. घरातली पांढरी एलईडी पट्टी, खोक्यावर ६५०० केल्विन किंवा कूल डेलाइट लिहिलेली, दोन फुटी टाकीला १५ ते २० वॅटची, या झाडांना पुरते. पहिले दोन आठवडे सहा तास, मग आठ. यासाठी शंभर कामं सोडून टायमर घ्या. 'मी लावीन-बंद करीन' म्हणणारा माणूस शनिवारी रात्री बारापर्यंत दिवा चालू ठेवतो आणि सोमवारी शेवाळाची तक्रार करतो. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका, पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं होतं.

वायरीचं एक लक्षात ठेवा. सॉकेटकडे जाणारी वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळणारं पाणी जमिनीवर पडेल, प्लगमध्ये जाणार नाही.

पहिले तीन आठवडे

झाडं आधी खराब होतील. हे माहीत नसल्यामुळे किती जणांनी चांगली झाडं उपटून फेकली असतील! बरीच रोपवाटिकेतली झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात आल्यावर ती जुनी पानं टाकून पाण्याची नवी पानं काढतात. विस्टेरिया आणि हायग्रोफिलाची जुनी पानं पारदर्शक होऊन गळतात. गळालेली पानं रोज उचला, काडी मात्र हलवू नका. 'मूळ धरलं का' म्हणून उपटून बघणं तर अजिबात नको. नवीन शेंडा आला की समजा पत्ता बदलला गेला. काचेवर या काळात तपकिरी धूळ बसते, तीही नव्या टाकीची रीत. पुसत राहा, आपोआप कमी होते.

मासे शेंडे वाढायला लागल्यावरच आणा, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, आणि आधी फक्त चार-पाच गप्पी. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला.

गोल्डफिश पाळायचा असेल तर मनाची तयारी करा. त्याच्या दृष्टीने हायड्रिला ही पालेभाजी आहे. माझा उपाय असा: बाल्कनीतल्या एका टबात हायड्रिला वाढवायचं आणि दर रविवारी मूठभर टाकीत घालायचं. टबात दोन-चार गप्पी सोडाच, नाहीतर डासांची पैदास होते आणि सोसायटीची नोटीस येते.

छाटणी आणि खत

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झाडं पाण्याच्या पृष्ठभागाला टेकतील. आता कात्री. उभ्या खोडाचं झाड मध्यावर कापा, वरचा अर्धा भाग शेजारी रोवा. खालच्या बुंध्याला दोन फांद्या फुटतात. एकाच्या तीन होतात, आणि दहा जुड्यांनी सुरू झालेल्या टाकीला पुन्हा झाडं विकत घ्यावी लागत नाहीत. हॉर्नवर्ट आणि हायड्रिला दर वेळी निम्मं काढून टाका. हात आखडू नका. कापलेल्या प्रत्येक मुठीबरोबर पाण्यातली घाण टाकीबाहेर जात असते.

मासे असलेल्या टाकीत सुरुवातीला वेगळं खत लागत नाही. पुढे झाडंच सांगतात. जुन्या पानांना बारीक भोकं पडू लागली, हायग्रोफिलाला विशेषतः, तर पोटॅश कमी पडतंय. नवीन पान फिकट पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह. फिशटँकसाठी मिळणारं द्रवखत बाटलीवरच्या मापाच्या निम्म्याने सुरू करा. बागेतलं युरिया किंवा १९:१९:१९ चिमूटभरही नको. त्यातून अमोनिया सुटतो आणि मासे जातात. 'लिक्विड कार्बन' नावाची बाटली कुणी सुचवली तर हॉर्नवर्ट आणि व्हॅलिस्नेरियाच्या टाकीत ती घालू नका, ही दोन्ही झाडं तिने विरघळतात.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात टाकीचं पाणी सहज ३२-३३ अंशांवर जातं. झाडं तग धरतात, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात. त्यामुळे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. झाकण काढा, पाण्यावर छोटा पंखा लावा, रात्रभर एअर पंप चालू ठेवा. दाट झाडांच्या टाकीत लाइट जाणार असेल तर बॅटरीवरचा पंप घरात असलेला बरा.

कापलेलं कुठे टाकायचं

कुंडीत. कंपोस्टमध्ये. शेजाऱ्याच्या नव्या टाकीत. नदी, तलाव, विहीर, गटार यांत मात्र नाही. उन्हाळ्यात पवना-इंद्रायणीवर पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेचं झाड म्हणून जगभर गेलेली. उलटा प्रवासही झाला आहे. आपलं हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचलं आणि तिथले कालवे त्याने तुंबवले. त्यामुळे तुम्ही अमेरिकेत बसून हे वाचत असाल तर वरच्या यादीतलं हायड्रिला आणि हायग्रोफिला पॉलिस्पर्मा खोडा, दोन्ही तिथल्या केंद्र सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहेत. युरोपियन संघात कबोंबावर २०१६ पासून बंदी आहे. हॉर्नवर्ट आणि विस्टेरिया घ्यायचं म्हटलं तरी आपल्या राज्याचे किंवा देशाचे नियम आधी बघा.

छाटणी टाकण्याआधी उन्हात कडकडीत वाळवा. हायड्रिलाचं एक ओलं पेरसुद्धा पुन्हा उभं राहतं. मी एकदा वाळत घातलेलं फडकं विसरलो होतो, पाऊस आला, आणि चार दिवसांनी त्या फडक्यावर हिरवे कोंब होते. उचलून टबात टाकले.